सरकारचा डबा

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात वाईट असं काही स्वतः केलंच नाही. जे काय झालं, ते दुसऱ्या कोणीतरी केलं. लहानपणी शेजारच्यांची काच फुटली, ती चेंडूने फोडली. शाळेत नापास झाला, तेव्हा मास्तरांनी त्याला नापास केलं. लग्न ठरलं तेव्हा आईने गळ्यात मारलं म्हणून महिनाभर तोंड पाडून बसला, आणि संसार बरा चाललाय असं दिसल्यावर ‘माझी निवड’ म्हणून सांगायला लागला. अशी माणसं घरोघरी असतात, त्यात नवल नाही. नवल एवढंच, की आमच्या धाकट्याने या स्वभावावर दुकान चालवलं आणि ते चांगलं चाललं.

दुकान सुयांचं. आमचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं आणि घरभर तेलाचा वास असायचा. ते गेल्यावर दुकान धाकट्याकडे आलं. दुरुस्तीत हात काळे होतात म्हणून ती त्याने बंद केली आणि परदेशातून सुया मागवून विकायला लागला. ताडपत्रीच्या, चामड्याच्या, जाड कापडाच्या सुया. तशा इथे बनत नाहीत. ज्या बनतात त्यांचं टोक दुपारपर्यंत बोथट होतं. त्यामुळे शहरातले झाडून सगळे शिवणारे त्याच्या दाराशी यायचे. गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नसलं की दुकानदाराला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. धाकट्याला ते पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

मीही शिवणारीच. नवरा गेल्यावर मी परत या घरात आले आणि मागच्या खोलीत मशीन मांडलं. वडील शेवटच्या आजारात धाकट्याला म्हणाले होते, “मागची खोली ताईची. ती आहे तोवर तिची.” कागदावर काही नाही. आमच्या घरात कागदावर काही करायची पद्धतच नव्हती, आणि ते आम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचो. त्या खोलीत मी हॉस्पिटलचे गाऊन शिवले, कारखान्यातल्या कामगारांचे डगले शिवले, गाड्यांवर घालायची आच्छादनं शिवली. खोली म्हणजे काही राजवाडा नाही. भिंतींना पोपडे, अंगणातला नळ कायम ठिबकणारा. पण तिची खिडकी उत्तरेला आहे. ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा असतो. माझ्या डाव्या डोळ्याने कधीच काम सोडलंय आणि उजवा कुरकुरत चालतो. त्या खिडकीपाशी बसले की सुईत दोरा अजून माझा मी ओवते. दुसरीकडे कुठेही मला ते जमत नाही, मग कितीही दिवे लावा.

मी परत आले त्या दिवशी माझी ट्रंक धाकट्याने स्वतः खांद्यावरून आणली. हमाल केला नाही. घामाघूम झाला, पण वाटेत एकदाही कुरकुरला नाही. एवढी एक गोष्ट त्याच्या नावावर आहे, आणि ती सांगितली नाही तर माझं मलाच बरं वाटणार नाही. पुढे कितीतरी वर्षं मी त्या ट्रंकेची आठवण काढून त्याला माफ करत आले. वापरून वापरून आता तीही आठवण झिजली.

आता डब्याचं सांगते, कारण त्या डब्यात सगळा धाकटा आहे.

बाहेरून माल आला की बंदरावर कस्टमवाले ड्यूटी घेतात. ती भरल्याशिवाय खोकी सुटत नाहीत. कुठलाही व्यापारी ती मालाच्या भावात मिसळतो आणि गप्प बसतो. त्यात गैर काही नाही. पण भाव वाढला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, आणि वाकडं तोंड आपल्या वाट्याला येणं धाकट्याला सोसत नाही. म्हणून त्याने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला कात्रीने चीर पाडली, वर लाल रंगात ‘सरकार’ असं लिहिलं आणि काउंटरवर मांडून ठेवला.

“पाकीट हवंय ना?” तो गिऱ्हाइकाला म्हणायचा. “हे एवढे माझे. आणि हे एवढे सरकारचे. माझे माझ्या हातात द्या, सरकारचे तुमच्या हाताने त्यांच्या डब्यात टाका. मी शिवतसुद्धा नाही त्या पैशाला.”

लोक टाकायचे. टाकताना सरकारच्या नावाने बोटं मोडायचे, आणि हा समोर उभा राहून मान हलवायचा, जणू यालाच लुटलंय. गिऱ्हाइकं जाताना याचंच सांत्वन करून जायची. दुकान बंद करताना गल्ला आणि डबा एकाच पिशवीत रिकामे व्हायचे, हे त्यांना दिसायचं नाही, आणि दिसलं असतं तरी त्या शहाण्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असता असं मला वाटत नाही. ड्यूटी वाढली की डब्याचा भाव त्याच दिवशी वाढायचा, आधी आलेल्या मालालासुद्धा. ड्यूटी कमी झाली की मात्र डबा हलायचा नाही. तेव्हा म्हणे जुना माल संपायचाय. तो जुना माल कधी संपल्याचं मी तरी पाहिलं नाही.

मलाही टाकावे लागायचे. मी एकदा म्हणाले, “अरे, मी तुझी सख्खी बहीण.”

“ताई, माझे सोडले असते गं तुला,” तो म्हणाला. “सरकारचे मी कोण सोडणार?”

त्याचे तरी त्याने कधी सोडले? पण बोलला असा, की क्षणभर मलाच वाटलं, बिचाऱ्याला केवढं वाईट वाटतंय.

त्याचा दुसरा अभिमान म्हणजे आपल्याला तोटा माहीत नाही. कोणी धंद्यात बुडालं की हा पायावर पाय टाकून म्हणायचा, “त्याला धंदा कळत नव्हता.” याहून मोठी शिवी त्याच्याकडे नाही. वडिलांनासुद्धा त्याने ती दिली, त्यांच्या माघारी. “आयुष्यभर फुकट मशिनी दुरुस्त केल्या लोकांच्या. कळत नव्हता धंदा.” वर “माझ्या खिशातून आजवर दमडी गेलेली नाही” हे पालुपद. हे तो जेवताना म्हणायचा, आजाऱ्याला भेटायला गेला की म्हणायचा, एकदा तर मयताला गेला होता तिथेही म्हणाला.

मग त्याला एक वकील भेटला. वकिलाने सांगितलं, कस्टमवाले तुमच्या सुयांना कारखान्याच्या यंत्राचे भाग धरतायत. त्या शिलाईचं सामान म्हणून धरायला हव्या होत्या, आणि त्याची ड्यूटी बरीच कमी आहे. म्हणजे इतकी वर्षं जास्तीची ड्यूटी घेतली गेली. वकील भांडला आणि जिंकला. हुशार होता, हे मान्य करायला हवं. फी घेतानाही हुशारच होता. निकाल लागल्याबरोबर धाकट्याने रिफंडच्या जोरावर उधारीवर ढीगभर माल मागवला, दुकानाला नवी काच बसवली, आणि भावजयीला सांगितलं की आता आपल्याला मागे वळून बघायला नको.

पुढचं बोलणं झालं तेव्हा मी दुकानातच होते, बॉबिन घ्यायला आले होते. वकील म्हणाला, “रिफंड मिळेल. पण एक अडचण आहे. हे पैसे कोणाच्या खिशातून गेले, ते दाखवावं लागेल.”

“माझ्याच. बंदरावरच्या पावत्या आहेत ना.”

“भरले तुम्ही. सोसले कोणी? तुम्ही ड्यूटी भावात लावून गिऱ्हाइकाकडून घेतली असेल, तर सोसली गिऱ्हाइकाने. मग सरकारने ती तुम्हाला परत दिली, तर एकाच ड्यूटीचे पैसे तुम्हाला दोनदा मिळाले. कायदा त्याला अनुचित लाभ म्हणतो. असे पैसे सरकार परत देत नाही.”

“अनुचित काय त्यात? मिळाले तर मिळाले.”

“आणि कायदा आधीच धरून चालतो, की व्यापाऱ्याने वसूल केलेच असणार. नाही केले, हे सिद्ध करणं तुमच्याकडे. नाही झालं सिद्ध, तर रक्कम ग्राहकांच्या निधीत जमा होते.”

“ग्राहकांच्या?” धाकटा म्हणाला. असं म्हणाला, जणू ग्राहक ही काय भानगड आहे ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. बोलता बोलता त्याने काउंटरवरचा डबा उचलला आणि खाली ठेवून दिला. वकील त्या वेळी अगदी मन लावून चष्मा पुसत होता. बघितलं नाही असं दाखवणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असावा.

त्यानंतर आमच्या घरात एक संत जन्माला आला. ज्याच्या खिशातून दमडी जात नव्हती, तो आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, “काय सांगू, सगळी झळ मी सोसली. गिऱ्हाइकाला कळूसुद्धा दिलं नाही.” कोपरावर फाटलेला जुना स्वेटर काढून घालायला लागला. चहा अर्धा कप प्यायचा आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघून उसासा टाकायचा. डब्यावरचा लाल रंग त्याने ब्लेडने खरवडून काढला आणि आत बटणं भरली; खरवडलेल्या जागी ‘सरकार’ आता आधीपेक्षा स्वच्छ वाचता येत होतं. भावजय मला म्हणाली, “वन्सं, यांना खरंच वाटायला लागलंय हो, की यांनी पदरमोड केली.” ती हसत नव्हती. मीच हसले.

वकिलाने गिऱ्हाइकांसाठी एक निवेदन टाइप करून दिलं होतं: अमुक दुकानदाराने माझ्याकडून वाढीव ड्यूटी कधीही घेतली नाही, खाली सही. धाकटा ते घेऊन गल्लोगल्ली फिरला. तंबूवाल्याने सही केली, चपलावाल्याने केली, पडदेवालीने केली. प्रत्येकाला एकेक सुयांचं पाकीट भेट. वर्षानुवर्षं ज्यांनी शिव्या देत त्या डब्यात पैसे टाकले, त्यांनी ‘कधीही नाही’ च्या खाली सही ठोकली. गादीवाला तर सही करून माझ्याकडे आला आणि विचारायला लागला, “ताई, काय होतं त्या कागदात?”

“तुम्ही वाचला नाहीत?”

“पाकीट दिलं त्यांनी. म्हटलं चांगलंच काहीतरी असणार.”

मी ते पाकीट बघितलं. ओल लागून गंजलेल्या लॉटमधलं होतं. एका गंजक्या पाकिटाला माणूस इतक्या वर्षांचे स्वतःचे पैसे विकतो, आणि वर दुकानदार दिलदार आहे म्हणून सांगत फिरतो. अशा लोकांना लुटणाऱ्याचा राग तरी किती करायचा?

मग तो माझ्याकडे आला. कापडाच्या गठ्ठ्यावर बसला, स्वेटरच्या भोकातून कोपर बाहेर काढून.

“ताई, एक सही पाहिजे.”

“कशावर?”

“तुझ्याकडून ड्यूटी घेतली नाही म्हणून.”

“घेतलीस की.”

“अगं घेतली, पण मी घेतली का? डब्याने घेतली.”

“आणि डबा कोणाचा?”

“सरकारचा,” तो म्हणाला, आणि देवाशपथ सांगते, त्याला आपण काही चुकीचं बोलतोय असं वाटत नव्हतं. मी मशीन चालू केलं. तो पुन्हा बोलला, आवाज उतरवून. “बाकीच्यांचं काय, कोणीही सही करतो. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तू आहेस. वकील म्हणतो, सख्ख्या बहिणीचं वजन पडतं. हे बघ, रिफंड आला तर ही खोली तुझ्या नावावर करून देतो. रीतसर, कागदावर.”

“आणि नाही आला तर?”

“तर नाइलाज आहे गं. उधारी डोक्यावर आहे. झेरॉक्सवाला मागे लागलाय खोलीसाठी, चांगलं डिपॉझिट देतोय. मला थोडंच आवडतंय? पण कस्टमवाल्यांनी तसंच ठरवलं, तर मी काय करणार?”

म्हणजे मला घराबाहेर काढणार होते ते कस्टमवाले. याचा त्यात हात नव्हता.

खरं सांगते, खोली मला हवी होती. मी काही सत्याचा झेंडा घेऊन जन्माला आलेली नाही. त्या खिडकीशिवाय माझी सुई चालत नाही, आणि सुई चालली नाही तर मी कोणाच्या दारात उभी राहणार? पण त्या कागदावर सही करायची म्हणजे इतकी वर्षं ज्या पैशासाठी मी पाठ मोडली, ते मी दिलेच नाहीत असं लिहून द्यायचं. लुटून घेतलं ते घेतलं, वर लुटलंच नाही असं माझ्याच हाताने लिहून घ्यायचं होतं त्याला. हे मला गिळवेना. मी म्हणाले, “सही नाही करत.”

“बरं, नको करू. सुनावणीला चल तरी माझ्याबरोबर. कागद पिशवीत ठेव. तिथे मन बदललं तर बदललं.”

गेले मी. कागद पिशवीत घेऊन गेले, पेनसुद्धा घेतलं. म्हणजे माझं मन किती पक्कं होतं ते समजा.

कस्टमचं ऑफिस म्हणजे लांबच लांब पॅसेज आणि एकमेकींना जखडून ठेवलेल्या खुर्च्या. पाण्याच्या पिंपाला ग्लास साखळीने बांधलेला. दुसऱ्यांच्या पैशावर बसणाऱ्यांना स्वतःच्या ग्लासाची केवढी काळजी! आत गेलो तर टेबलापलीकडे एक बाई, सर्दीने नाक लाल झालेलं, हातात रुमाल. बाजूला एकजण कॉम्प्युटरवर सगळं टाइप करून घेत होता. वकिलाने छान मांडलं. निवेदनं पुढे ठेवली. हिशेबनिसाचा दाखला ठेवला; तो दाखला गंजलेल्या पाकिटापेक्षा महाग पडला होता, एवढाच त्यात फरक. धाकटा स्वेटरात अंग चोरून बसला होता. मध्ये मध्ये “हो ना, मीच सोसलं” म्हणून पुटपुटत होता.

बाईंनी निवेदनं चाळली. “सगळ्यांनी एकाच पेनाने सही केलीय,” त्या म्हणाल्या, पण पुढे काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “यांच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी आलंय का इथे?”

धाकट्याने माझ्याकडे बोट केलं. “ही माझी ताई. लहानपणापासून बघतेय मला. हिला विचारा.”

माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत कागद. माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली. मी काय बोलले असते, ते मला आजही सांगता येणार नाही.

“तुम्हीही सुया यांच्याकडूनच घेता?”

“हो.”

“आणि ड्यूटी हे स्वतः सोसायचे?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी थोडी वाट बघितली. मग त्या जराशा हसल्या, रागाने नव्हे, कीव आल्यासारख्या. “राहू द्या. भावाच्या तोट्याबद्दल बहिणीला बोलवत नसेल. पण कमाल आहे. इतकी वर्षं भरलेली ड्यूटी भावात लावायची असते, हे साधं गणितही तुमच्या भावाला जमलं नाही. धंदा फारसा कळत नसावा यांना.”

वकिलाने मान वर केली. मी धाकट्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मास्तरांचं नाव काढलं की व्हायचे तसे.

“कोणाला कळत नाही?” तो म्हणाला.

वकील म्हणाला, “तुम्ही शांत बसा.”

“नाही, थांबा. मॅडम, धंदा कोणाला कळत नाही? मला?” तो उठून उभा राहिला. “या लाइनीत विचारा कोणालाही. माझ्या खिशातून आजवर दमडी गेलेली नाही. तोटा माहीत नाही मला. ड्यूटी तिकडे भरली की इकडे वसूल. त्याच दिवशी! डबाच ठेवलाय मी त्यासाठी.”

“डबा?” बाई म्हणाल्या.

“पत्र्याचा! झाकणाला चीर आहे. माझे पैसे वेगळे, सरकारचे वेगळे. गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने टाकतं, वर शिव्या सरकारला. आहे का कोणाकडे अशी पद्धत? माझ्या डोक्यातून निघालेली आहे ती. ताई, सांग यांना. खोटं बोलतोय का मी?”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचं वाईट काम स्वतःच्या नावावर घेतलं, तेही अशा ठिकाणी. खोटं बोलायला मला आणलं होतं, आणि खरं याच्याच तोंडून बाहेर पडलं, तेही शेखी म्हणून. मी एवढंच म्हणाले, “नाही. खरं आहे सगळं.”

वकिलाने डोळे मिटून घेतले होते. टाइप करणारा खालमानेने टाइप करत होता. बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, ड्यूटी वाढली की डब्याचं काय करता? त्याने तेही सांगितलं. जुन्या मालाची युक्तीसुद्धा सांगितली. आपल्याला धंदा कळतो हे त्या बाईंना पटल्याशिवाय तो खाली बसायलाच तयार नव्हता. शेवटी त्यांनी जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, बरोबर आहे का? “अगदी बरोबर,” म्हणून याने ऐटीत सही केली. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर वकील म्हणाला, “संपलं.” धाकटा म्हणाला, “का? मॅडमना पटलं की शेवटी.”

निकालाचा कागद आला तेव्हा पहिल्या पानावर ‘रिफंड मंजूर’ असं होतं. दुसरं पान उलटण्याआधी तो रस्ताभर सांगून आला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की ड्यूटीचा भार ग्राहकांनी सोसला असल्याचं अर्जदाराने स्वतः कबूल केल्यामुळे सगळी रक्कम ग्राहकांच्या निधीत जमा करण्यात येत आहे. तो दिवसभर उपाशी बसला. संध्याकाळी मला म्हणाला, “ताई, तू तोंड उघडलं असतंस तर ही वेळ आली नसती.”

म्हणजे हेही मीच केलं होतं.

मला वाटलं, आता तरी माणूस जमिनीवर येईल. कसला येतोय! आठवड्याभरात डबा पुन्हा काउंटरवर आला. बटणं काढून टाकली होती, खरवडलेल्या जागी नवा लाल रंग होता: ‘सरकारने बुडवले’. आता तो पाकिटाचा भाव सांगायचा आणि डबा पुढे सरकवायचा. “माझा हक्काचा रिफंड गिळला हो त्यांनी. तुमच्यासारख्यांचा आधार आहे म्हणून तगलोय.” आणि गिऱ्हाइकं टाकत होती! ज्या ड्यूटीचे पैसे त्यांनी एकदा भरले, जी त्यांचीच म्हणून कायद्याने याच्या हातून काढून घेतली, तीच ड्यूटी ते दुसऱ्यांदा भरत होते, आणि वर हळहळत होते. गादीवाल्याने तर दोन बोटांनी ढकलून नोट आत घातली आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते बघून मला कोणाला जास्त झोडपावं ते कळेना.

खोलीचं त्याने मला दुकानातूनच सांगितलं, गिऱ्हाइकासमोर, म्हणजे मी फार बोलणार नाही. “ताई, महिनाअखेर झेरॉक्सवाला सामान आणतोय. माझा इलाज नाही. मी कुठे काय करतोय? सरकारने आणली ही पाळी.”

रस्त्यापलीकडे एका जिन्याखाली मला जागा मिळाली. खिडकी आहे, पण समोर भिंत. मशीन हातगाडीवर चढवलं तेव्हा दुकानाच्या पायरीवरून धाकट्याने हाक मारली, “जपून गं!” खाली मात्र उतरला नाही. ट्रंक मी हातगाडीवाल्याकडून उचलून घेतली आणि त्याचे पैसे दिले.

खोली झाडली. जिथे मशीनचे पाय टेकायचे तिथे फरशीला चार खळगे पडले होते, ते तेवढे राहिले. खिडकी लावून घेतली आणि किल्ली घेऊन दुकानात गेले. तंबूवाला, पडदेवाली, आणखी कोणकोण उभे होते. मला एक पाकीट हवंच होतं. सुया दुसरीकडे मिळत नाहीत, हे काही बदललं नव्हतं. त्याने भाव सांगितला. मी दिला. मग त्याने सवयीने डबा माझ्यापुढे सरकवला. मला, सख्ख्या बहिणीला, त्याच दिवशी.

मी खोलीची किल्ली त्या चिरेतून आत टाकली. पत्र्यावर मोठा आवाज झाला, सगळ्यांनी वळून बघितलं.

“हे घे,” मी म्हणाले. “सरकारला सांग, ताईने भरलं.”

धाकटा डब्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला, ओठ हलले, आणि एवढं सगळं होऊनही मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, ट्रंक उचलणाऱ्या त्या पोरासारखं एखादं वाक्य तरी. मी थांबले. खरंच थांबले मी त्यासाठी.

“ताई,” तो म्हणाला, “दोन किल्ल्या होत्या ना गं? दुसरी कुठाय?”

मी पदराची गाठ सोडली आणि दुसरीही दिली.